कोर्तोनाचं हळदीकुंकू

शरूमावशी,

मंडळाच्या संक्रांत अंकासाठी तुझ्यावर काहीतरी लिहून दे, असा फोन आला. पाठोपाठ सूचनाही आली, "जरा सौम्य लिही हं, अंक घराघरांत जातो." म्हणजे तुझ्या पदव्या, तुझं हॉस्पिटल, तुझ्या हातच्या पुरणपोळ्या आणि शेवटी आत्म्याला शांती. हे मी लिहिणार नाही. पदव्या सगळ्यांना पाठ आहेत आणि पुरणपोळी तुला येत नव्हती. पुरण पातळ झालं की तू ते सरळ वाट्यांतून वाढायचीस आणि म्हणायचीस, "पोळी कुस्करून खा, पोटात एकच होतं."

आणि तुझ्या आत्म्याला शांती मिळावी असं मला मुळीच वाटत नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. तू मधूनच उठून गेलीस. हा नियमभंग आहे आणि मी त्याचा निषेध करते.

अंक वाचणाऱ्यांसाठी भांडण पहिल्यापासून सांगते. तूही ऐक, कारण तू ते नेहमी आपल्या सोयीनं सांगायचीस.

पुण्याहून मी इकडे अमेरिकेत शिकायला आले तेव्हा आईनं मला तुझ्या श्रूजबरीच्या घरी सोपवलं. तुम्ही दोघी कॉलेजातल्या मैत्रिणी. माझ्या बॅगेत स्वेटरपेक्षा पत्रकं जास्त होती. पुण्यात आमच्या बायकांच्या गटाची पत्रकं मीच लिहायचे, आणि इथं आल्यावर युनिव्हर्सिटीनं वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतली गुंतवणूक काढून घ्यावी म्हणून कॅम्पसवर वाटायला लागले. तू हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. पहिल्याच आठवड्यात तू म्हणालीस, "मी लोकांना झोपवते, तू उठवतेस. पगार मात्र मला मिळतो. तेव्हा भांडी तू घास." तेव्हापासून माझं नाव पत्रकबाई.

मग आली संक्रांत. मंगलाकाकूच्या घरी हळदीकुंकू. पलंगावर कोटांचा ढीग, खाली बेसमेंटमध्ये नवरेमंडळी टीव्हीवर फुटबॉल बघताहेत, वर हॉलमध्ये बायका ओळीनं बसल्यात आणि मंगलाकाकू ताट घेऊन फिरतेय. हळद, कुंकू, ब्राउन शुगरचा तिळगूळ आणि वाण म्हणून प्लॅस्टिकची गाळणी. ताट ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत तू नाहीशी झालेली असायचीस. किचनमध्ये, डिशवॉशरपाशी. कपाळावर ती बारीक काळी टिकली. काका गेल्यापासून तुझ्यासाठी एवढाच रंग शिल्लक ठेवला होता या लोकांनी. कुणी तुला "आत जा" म्हणायचं नाही. "बाई, त्यांना उगाच वाईट वाटायला नको," म्हणून सगळ्या डोळे वळवायच्या. अशा वेळी माझं डोकं फिरतं. अपमान करायचा तो करायचा आणि वर त्याला प्रेमाचं कव्हर घालायचं! आपली लीलाकाकू, तुझ्यासारखीच नवरा गेलेली, ती तर हळदीकुंकवाला यायचीच नाही. दर संक्रांतीला तिची पाठ दुखायची.

दुसऱ्या वर्षी मी पत्रक काढलं. 'हळदीकुंकू बंद करा!' युनिव्हर्सिटीच्या झेरॉक्स मशीनवर कॉप्या केल्या आणि हळदीकुंकवाच्या दुपारी मंगलाकाकूच्या दारात उभ्या असलेल्या एकेका गाडीच्या वायपरखाली खोचल्या. बर्फ भुरभुरत होता. निघताना नवऱ्यांनी न बघताच वायपर चालू केले आणि माझी क्रांती काचेवर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत लगदा झाली.

तुझ्या गाडीच्या काचेवरचं तू सोडवून घेतलंस, मांडीवर पसरलंस आणि वाचलंस.

"शुद्धलेखन चांगलं आहे," तू म्हणालीस. "मागणी चुकलीय."

"चुकलीय? त्या तुला ओलांडून जातात!"

"मग 'शरूला ओलांडू नका' असं लिहायचंस. तू तर दुकानच बंद करायला निघालीस. बये, मला त्या दुकानातलं सामान हवंय."

"कुंकू हवंय तुला?"

"कुंकू हवंय, तिळगूळ हवाय, ती टुकार गाळणीसुद्धा हवीय. आणि गॉसिप हवंय. डिशवॉशरच्या आवाजात मला अर्धंच ऐकू येतं."

मी म्हटलं, नवरा जिवंत असल्याचं बक्षीस वाटतात तिथं, आणि तू त्या रांगेत उभी राहणार? तू म्हणालीस, सीट बेल्ट लाव.

हे आपलं भांडण. मी म्हणायचे बंद करा, तू म्हणायचीस मला आत घ्या. जेवताना, गाडी धुताना, किराणा दुकानात कूपनं काढताना, आपण हेच भांडलो. आणि सगळ्यात जोरात भांडलो ते इटलीत.

इटलीला तू हॉस्पिटलातल्या मैत्रिणीबरोबर जाणार होतीस. तिनं ऐन वेळी कॅन्सल केलं. तिकीट फुकट जाऊ नये म्हणून तू मला घेतलंस. एप्रिल महिना. रोमहून आगगाडी, मग डोंगराच्या पायथ्याचं स्टेशन, आणि तिथून वळणं घेत चढणारी बस. वर कोर्तोना. डोंगराच्या कुशीला चिकटलेलं दगडी गाव. तटबंदी, वेशी, एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी घरं. गल्ल्या इतक्या उभ्या की चालताना समोरच्या माणसाच्या टाचांशी बोलावं लागतं.

वेशीतच माझं भाषण सुरू झालं. हे तट कुणासाठी बांधले? कुठल्या सरदारांसाठी? हे दगड एवढ्या उंचीवर कुणी वाहून आणले, त्यांची नावं कुठं कोरलीत?

तू बॅग खाली ठेवलीस. "दगड कुणी वाहिले ते बघू. आधी ही बॅग कोण वाहणार ते सांग."

बॅग मी वाहिली. तू पुढं. घामानं निथळत, दम खात, आणि अशी खूश की मला रागच आला. प्रत्येक वळणावर थांबून "अगं बघ, अगं बघ!" काय बघू? खिडकीत वाळत घातलेली चादर. भिंतीतून उगवलेलं फूल. एका दारात झोपलेलं मांजर, ज्याला तू मराठीत विचारलंस, "काय रे, भाडं भरतोस का?" खालच्या दरीत हिरवे, पोपटी, तपकिरी चौकोन, आणि वर पाकोळी पक्ष्यांचे थवे किंचाळत फिरताहेत. माझ्यातली भाषणं कुठल्या चढावर गळून पडली ते मलाही कळलं नाही. गाव सुंदर होतं. हे मी इथं पहिल्यांदा कबूल करतेय, तुझ्यासमोर केलं नसतं.

आपण राहिलो ते आदाबाईच्या घरी, वरच्या गल्लीत. बाई तुझ्याच वयाची, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यात. लहानपणी ती काही वर्षं न्यू जर्सीत काकाच्या बेकरीत राहिलेली, म्हणून इंग्लिश बोलायची, पण सगळं पावाच्या भाषेत. तू सुंदर दिसतेस म्हणायचं असेल तर 'यू वेल बेक्ड'. संध्याकाळी तिच्या गल्लीतल्या बायका दारात खुर्च्या टाकून बसायच्या. त्याही सगळ्या काळ्या कपड्यांत. चौकशी केली तर सगळ्या विधवा.

मी पेटले. "इथंही! बघ, जगभर एकच कारस्थान आहे! आयुष्यभर काळं नेसवतात!" मी आदाबाईला गाठलं आणि विचारलं, तुम्हाला हे काळं कोण घालायला लावतं? चर्च? दीर? भाऊ?

ती मला नीट न्याहाळत म्हणाली, "पीठ. काळ्यावर पीठ दिसतं, मग मी झटकते. पांढऱ्यावर दिसत नाही, मग दिवसभर तशीच फिरते." मग जरा विचार करून म्हणाली, "आणि नवरा डुक्कर होता. पण काळा रंग मला शोभतो."

तू भिंतीला धरून हसत राहिलीस. "काढ आता पत्रक," म्हणालीस.

त्याच संध्याकाळी तू कॅलेंडर काढलंस आणि म्हणालीस, "चैत्र चाललाय." मला वाटलं, असेल. तू म्हणालीस, "चैत्रगौरीचं हळदीकुंकू राहिलंय." मी म्हटलं, कुणाचं? तू म्हणालीस, "या गल्लीचं."

आता अंक वाचणाऱ्या मंडळींनी लक्ष द्यावं. विधवेनं हळदीकुंकू करायचं ठरवलं, विधवांना बोलवायचं ठरवलं, आणि जागा निवडली ती ख्रिस्ती लोकांच्या गावातली. मी तुला विचारलं, "हे काय, बंड आहे का?" तू म्हणालीस, "नाही गं, भूक लागलीय."

आदाबाईच्या फडताळात छोले होतेच. तू ते भिजत घातलेस. दुसऱ्या दिवशी अर्धे वाटून, लिंबू पिळून डाळ केलीस, कारण कैरी कुठली मिळायला. पन्ह्याऐवजी लिंबाचं सरबत. मग तुझ्या त्या प्रवासी डब्या निघाल्या. कॅमेऱ्याच्या फिल्म रोलच्या काळ्या डब्या तू जपून ठेवायचीस, आणि प्रवासात एकीत हळद, एकीत मोहरी, एकीत हिंग, एकीत तिखट, एकीत देवापुरतं कुंकू. देवाला लावलेलं चालायचं, तुला नाही. तेही मी तिथंच सुनावलं. डब्या सगळ्या सारख्या. कुंकू समजून तू एक उघडलीस, वास घेतलास आणि गल्ली दणाणेल अशी शिंकलीस.

"हे तिखट."

"लावलं असतंस तर पोलिस आले असते," मी म्हटलं.

"आणि तू त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं असतंस. दुसरी डबी दे."

दुपार कलताना आदाबाईच्या अंगणात खुर्च्या आल्या. खुर्च्यांवर काळ्या कपड्यांतल्या त्या बायका. कुणी विणकाम घेऊन, कुणी भाजी निवडत. त्यांना एवढंच सांगितलं होतं की अमेरिकेहून आलेल्या इंडियन डॉक्टरीणबाई काहीतरी खायला घालणार आहेत. तू बशीत हळद आणि कुंकू घेऊन पहिल्या म्हातारीपुढं वाकलीस. बोट कुंकवात बुडवून तिच्या कपाळाकडे नेलंस आणि ती झटकन मागं झाली.

"पुन्हा?" ती आदाबाईला तक्रारीच्या सुरात म्हणाली. "ईस्टर होऊन गेला की!"

आदाबाईनं आपल्याला समजावून सांगितलं. ईस्टरच्या आधी, उपवास सुरू होतात त्या दिवशी, चर्चमध्ये पाद्री सगळ्यांच्या कपाळाला राख लावतो आणि मेल्यावर तुम्ही मातीच होणार आहात याची आठवण करून देतो. म्हातारीला वाटलं, इंडियात तो दिवस उशिरा येत असेल.

"सांग तिला, राख नाही," तू म्हणालीस. "सांग, हे जिवंत असल्याचं आहे."

आदाबाईनं ते पावाच्या भाषेतून इटालियनमध्ये कसं नेलं कोण जाणे, पण म्हातारीनं कपाळ पुढं केलं. मग सगळ्यांनी. मग तू एकेकीच्या एप्रनमध्ये ओंजळभर भिजवलेले छोले ओतलेस. आपल्याकडे ओटी पदरात भरतात. त्यांच्याकडे पदर नाही, पण एप्रन तर प्रत्येकीला होतं. त्यांना ते इतकं सहज कळलं! एकीनं दोन्ही टोकं धरून एप्रन पसरलं तेव्हा ती माझ्या आजीसारखी दिसली. डाळ संपली. सरबत संपलं. मग कुणीतरी वाइन आणली, आणि तुझं चैत्रगौरीचं हळदीकुंकू भलत्याच दिशेला गेलं. गाणी झाली. शेजारच्या गल्लीच्या तक्रारी झाल्या. भाषा कुणाला कळत नव्हती, पण गॉसिप चालू आहे हे मला स्वच्छ कळत होतं, आणि तू त्याच्या मधोमध बसली होतीस. डिशवॉशर कुठंच नव्हता.

आणि मग आदाबाई उठली. तिनं तुझ्या हातातली बशी घेतली. कुणी तिला शिकवलं नव्हतं की घेणारीनं परत लावायचं असतं. तिला आपलं वाटलं, या बाईचं राहिलं. अंगठा कुंकवात दाबला आणि तुझ्या कपाळावर, त्या काळ्या टिकलीवरून, पाद्री काढतो तसा ठसठशीत क्रॉस काढला.

मला वाटलं, आता तू पुसशील.

तू तिचं मनगट धरलंस आणि मराठीत म्हणालीस, "अजून लाव."

कुंकवाचा क्रॉस घेऊन तू त्या संध्याकाळी गावातल्या एकमेव सपाट रस्त्यावरून आइस्क्रीम खात हिंडलीस. लोक वळून बघत होते. एका सद्गृहस्थानं तर टोपी काढून तुला नमस्कार केला. काय समजला तो देव जाणे. तुला इतक्या ताठ मानेनं चालताना मी पाहिलं नव्हतं.

तटाच्या कट्ट्यावर बसून आपण शेवटचं भांडलो.

"बघितलंस?" मी म्हटलं. "नवऱ्याचा हिशेब काढला की त्यात काहीच उरत नाही. नुसता खेळ. म्हणून आपल्याकडचं बंद करा."

"बघितलंस?" तू म्हणालीस. "नवऱ्याचा हिशेब काढला की किती मजा उरते. म्हणून आपल्याकडचं उघडा."

"त्या बायका नाही उघडणार."

"येत्या संक्रांतीला मी ओळीत बसणार आहे. तू माझ्या शेजारी बस."

"मी नाही बसणार. तत्त्व आहे."

"तत्त्वाला खुर्चीवर बसता येत नाही का?"

मी दरीकडे बघितलं. उत्तर मग परतीच्या विमानात सुचलं, पण तू झोपली होतीस. ते उत्तर असं होतं : तुला कुंकू देणं त्यांच्या हातात आहे हे एकदा मान्य केलंस, की काढून घेणंही त्यांच्याच हातात जातं. मी आजही यावर ठाम आहे. दे उत्तर.

नाही देत? ठीक आहे. मग पुढचं ऐक, तुला माहीत नसलेलं.

डिसेंबरात तू गेलीस. फ्युनरल होममध्ये आम्ही तुला साडी नेसवली. तेवढ्यात मंगलाकाकूनं पर्समधून करंडा काढला आणि तुझ्या कपाळावर कुंकू लावलं. चांगलं मोठं. माझा तोल गेला.

"आत्ता? आत्ता लावताय? जिवंत होती तेव्हा काय हात भाजत होते?"

तिथं कुणी ओरडत नसावं, कारण तिथला काळ्या सुटातला माणूस टिश्यूचा डबा घेऊन धावत आला.

मंगलाकाकू रडत नव्हती. ती म्हणाली, "तिनं मला ऑक्टोबरात फोन केला होता. म्हणाली, 'मंगला, यंदा मी ओळीत बसणार. माझं वाण काढून ठेव आणि या वेळी गाळणी नको.' मी 'हो' म्हटलं होतं गं. लगेच हो म्हटलं. इतकी वर्षं मी वाट बघत होते, कुणीतरी विचारेल म्हणून."

"तुम्हीच का नाही विचारलंत? घर तुमचं, ताट तुमचं!"

"नाही विचारलं," ती म्हणाली. "आता काय करू, सांग."

मावशी, हे तू मला सांगितलं नाहीस! एक पत्रक नाही, एक घोषणा नाही, एका फोनवर तू जिंकलीस आणि माझ्या नाकाखाली गप्प बसलीस. का? मी वायपरखाली विजयपत्रक लावीन म्हणून? लावलं असतंच. मला त्या दिवशी तुझ्यासमोर उभं राहून एवढा अभिमान वाटला आणि एवढा संताप आला, की मी त्या माणसाच्या डब्यातले सगळे टिश्यू संपवले.

मंगलाकाकूनं हळदीकुंकू कॅन्सल केलेलं नाही. यंदा सगळ्यांना बोलावणं आहे. पण लीलाकाकू म्हणाली, शरू असती तर गेले असते, एकटीनं माझ्याच्यानं नाही होणार. म्हणजे तू फोन करून उघडलेलं दार कुणी आत न जाताच परत बंद होणार. ते मला चालणार नव्हतं. माझी मागणी बंद करण्याची आहे हे खरं. पण विधवा आल्या नाहीत म्हणून ते जुन्यासारखंच चालू राहावं, ही माझी मागणी कधीच नव्हती.

म्हणून काल मी लीलाकाकूला फोन केला. मागून तिच्या मुलाचा आवाज येत होता. इथंच जन्मलेला तो. "मॉम, इट्स अ पार्टी. जस्ट गो. आय विल ड्राइव्ह यू."

"ऐकलंस ना?" लीलाकाकू म्हणाली. "याला काय कळतंय. अगं, सगळ्यांसमोर मला लावणार कोण? मंगलाचा हात थरथरला तर मी मरेन तिथंच."

"मी लावीन," मी म्हटलं.

"तू? तू तर स्वतः लावत नाहीस. शरू सांगायची, तुझं तत्त्व आहे म्हणून."

"आहेच."

"मग लावून घेणारीनं परत लावायचं असतं, माहितीये ना? मी तुला लावायचं की नाही?"

मावशी, तू इथं असतीस तर आत्ता हसली असतीस. मी पुष्कळ विचार केला. म्हणजे लीलाकाकू दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणेपर्यंत.

"तुम्ही लावा," मी म्हटलं. "सवाष्णीच्या हातचं मी घेणार नाही. तुमच्या हातचं घेईन."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब, पेन आणते," लीलाकाकू म्हणाली. "मंगलाच्या घराचा पत्ता सांग. राउट नाइनवरून कुठं वळायचं? मी तिचं घर पाहिलंच नाहीये."